पेडण्यातलं भाण आणि आपला बॉयलर

जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडणे तालुका एकदम हाताशी आला. बहुतेक पाहुणे तिथून हरमल, मोरजीचे किनारे गाठतात. पुढच्या खेपेला आतल्या गावांतून डिचोलीकडे जा. तांब्या-पितळेच्या कामासाठी आणि समयांसाठी हे गाव ओळखलं जातं. या भागात जुन्या कौलारू घरात मुक्काम मिळाला, तर न्हाणी जरूर पाहा.

तिथे चुलीवर पक्कं बसवलेलं तांब्याचं मोठं भाण असतं. खाली लाकडं, करवंट्या, सुक्या झावळ्या. तोंड उघडं असल्याने पाणी तापून फुगलं तरी दाब साठत नाही. पाणी रोज नवं, आणि काही बिघडलं तर लगेच दिसतं. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी भाण घासून लख्ख करतात, त्याला कारिटाची वेल बांधतात, पाणी भरून ठेवतात. मला तर हे वर्षाचं सर्व्हिसिंगच वाटतं, तेही थंडीच्या तोंडावर.

आपल्या इंग्लंडातल्या घरांत रेडिएटरमधून तेच ते पाणी वर्षानुवर्षं फिरतं. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ७० अंशांवर गेलं की साधारण २ लिटरने वाढतं. भाणाला उघडं तोंड आहे. इथे ती वाढ एक्स्पान्शन व्हेसल सामावून घेतं. त्यात रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते. ती हवा गेली की तापल्यावर दाब ३ बारपर्यंत चढतो, सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर पडतं आणि गार झाल्यावर काटा खाली येतो.

गार असताना काटा १ ते १.५ बारवर हवा. वर्षातून एखाददा पाणी भरावं लागलं तर ठीक. दर आठवड्याला भरावं लागत असेल, तर गळती शोधा. नव्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो, लोखंड गंजतं आणि काळा गाळ साचतो. रेडिएटर वरून गार असेल तर आत हवा आहे. ती काढा आणि काटा पुन्हा पाहा. खालून गार असेल तर बहुधा गाळ. बॉयलर मात्र स्वतः उघडू नका, गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसालाच बोलवा.

यंदा फराळाच्या तयारीबरोबर हेही उरकून घ्या. हिवाळ्यात आजी-आजोबा राहायला येतात, तेव्हा घर गार पडून चालत नाही.