ओलं फडकं आणि पेट्रोलचा कॉक

दिवाळीचा फराळ झाला की आमच्या घरात वाद घालायची पद्धत आहे. पूर्वी तो राजकारणावरून व्हायचा. आता नाती टिकवायची असल्यामुळे गाड्यांवरून होतो. यंदा एका बाजूला जावई होते, त्यांच्याकडे पोलो जीटी. दुसऱ्या बाजूला भाची, तिच्याकडे केटीएमची ड्यूक ३९०. चालवायला जास्त मजा कशात, मोटारीत की मोटारसायकलवर, हा मुद्दा. दोन्ही गाड्या चाकणमध्ये जन्मलेल्या, म्हणजे भांडण तसं भावकीतलंच. तासभर टॉर्क, टर्बो, ग्रिप असले शब्द चकलीच्या ताटावरून इकडून तिकडे गेले आणि मग भाची म्हणाली, "मामा, तू सांग." पंच म्हणून माझी लायकी एवढीच, की मी वयानं मोठा होतो आणि दोन्हींपैकी एकही गाडी माझी नव्हती.

हा वाद आम्हीही घालायचो. येझदी भारी की फियाट? सदाशिव पेठेतल्या कट्ट्यावर त्यावरून रात्री सरत, आणि वाद घालणाऱ्या सहा जणांच्या नावावर मिळून चार सायकली होत्या. पुढे मला नोकरी लागली आणि मी जुनी येझदी घेतली. फियाट काकांची, दादरची. तिचं कागदोपत्री नाव प्रीमियर पद्मिनी, पण तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही.

येझदीवर बसण्याआधीच तिच्याशी ओळख काढावी लागे. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे टाकीत पेट्रोलबरोबर ऑइल घालायचं. पंपावरचा माणूस मापानं ऑइल ओतायचा आणि आम्ही गाडी दोन्ही मांड्यांत धरून डावीकडे-उजवीकडे घुसळायचो, ताक करावं तशी. मग पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग चोक. मग गंमत म्हणजे गिअरचा दांडा आत दाबून उलटा फिरवला की त्याचीच किक व्हायची. एकाच लोखंडाला दोन नोकऱ्या. तिसऱ्या-चौथ्या किकेला गाडी बोलली तर दिवस चांगला. नाही बोलली तर प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, फुंकर मारायची, आणि फुंकर मारल्यामुळेच गाडी सुरू झाली असं समजायचं.

भाचीची ड्यूक बटण दाबलं की सुरू होते. बंद पडली तर ती गॅरेजला फोन करते, तिकडून माणूस येतो, तो गाडीला लॅपटॉप लावतो आणि लॅपटॉप सांगतो काय बिघडलंय ते. आमच्या गाडीला काय झालंय हे रस्त्यानं जाणारा कुणीही थांबून सांगायचा. बहुतेक वेळा चुकीचं सांगायचा, पण थांबायचा.

आता आकडे सांगतो, नाहीतर जावई म्हणतील बाबा नुसतेच हळवे होतात. काकांच्या फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, वजन नऊशे किलोंच्या घरात. त्यात काका, काकू, आम्ही पाच पोरं, एक आत्या आणि आंब्याची पेटी. पुढची सीट सलग बाकासारखी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, म्हणून मधेही एक पोर मावायचं. भाचीच्या ड्यूकचं इंजिन ३७३ सीसीचं, ताकद ४३ हॉर्सपॉवर, वजन फियाटच्या पाचव्या हिश्श्याइतकं. म्हणजे काकांनी जेवढ्या ताकदीत अख्खं कुटुंब घाटावर चढवलं, त्याहून थोडी जास्तच ताकद ही एकटी पोरगी दोन पायांत धरून ऑफिसला जाते. पोलोच्या १०५ हॉर्सपॉवरला ड्यूक सिग्नलवर मागे टाकते. मात्र ओल्या वळणावर चार टायर ते चार टायर. तिथे जावयांचं म्हणणं खरं आहे.

फियाट घाट चढायची ते दृश्य मात्र आकड्यांत बसत नाही. खोपोली सोडली की काकांची नजर रस्त्यावरून टेंपरेचरच्या काट्यावर जायची आणि गाडीतल्या सगळ्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. शिंग्रोबाच्या देवळाशी चालत्या गाडीतून नाणं टाकायचं. इंग्रजांना हा घाट दाखवणारा धनगर तो, निदान गोष्ट तरी अशी, आणि काका त्याच्या बाबतीत कंजुषी करत नसत. तरीही पुढच्या एखाद्या वळणावर बॉनेटमधून वाफ यायचीच. मग गाडी कडेला, मागच्या चाकाला दगड, आणि काका रेडिएटरच्या झाकणाकडे असे जायचे की जणू झोपलेल्या कुत्र्याच्या ताटातलं काही उचलायचंय. झाकणावर फडकं टाकायचं, पाव आटा फिरवायचा, उडी मारून मागे. फस्स! पुन्हा पाव आटा. उन्हाळ्यात इंजिनातल्या पेट्रोल पंपाला एअर लॉक व्हायचा, उष्णतेनं नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची. त्यावर इलाज एकच, पंपावर ओलं फडकं ठेवणं. फडकं म्हणजे काकूचा नॅपकिन. तो परत मिळाला की पेट्रोलचा वास मारायचा, आणि पुढच्या प्रवासात त्यातच दशम्या बांधून यायच्या. पंप निवेपर्यंत आम्ही कठड्यावर बसून त्या पेट्रोलच्या वासाच्या दशम्या खायचो आणि खाली दरीत आगगाडी दिसते का ते बघायचो. दादर ते पुणे पाच तास, त्यातला तास कठड्यावरचा.

आज जावई दादरहून निघतात आणि गाडीत कुणाला भूक लागायच्या आत पुणं येतं. गिअर पापणी लवायच्या आत आपले आपण पडतात. स्पीडोमीटरवर दोनशेच्या पुढचे आकडे आहेत, पण २००२ पासून एक्स्प्रेस वे असूनही वेगाची मर्यादा शंभर, घाटात त्याहून कमी, आणि वर कॅमेरे. चूक झाली तर दंडाचं चलन आपल्याआधी घरी पोहोचतं. म्हणजे आमच्याकडे रस्ता मोकळा होता तेव्हा गाडीत दम नव्हता. यांच्या गाडीत दम आहे तर तो काढायला रस्ता नाही. मजेच्या बाबतीत दोन्ही पिढ्या सारख्याच फसल्या, फरक एवढाच की आम्ही स्वस्तात फसलो.

आता खरं बोलतो. ते दिवस चांगले नव्हते. फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. लांब उतारावर ते तापले की पेडल दाबायचं आणि रामाचं नाव घ्यायचं. सीटबेल्ट ही वस्तू आम्ही विमानातच असते असं ऐकून होतो. येझदीच्या धुरानं मागचा सायकलवाला काळा व्हायचा. हेल्मेटला पुण्यात जो विरोध आज चालतो त्याचे आद्यपुरुष आम्हीच. आमच्यातला एक जण पावसाळ्यात कात्रजच्या उतारावर घसरला, डोक्यानं वाचला, पायानं नाही. जुन्या गोष्टी निघाल्या की आम्ही हसून लोळतो, तोही हसतो, आणि निघताना भिंतीला हात धरून उठतो. आज १२५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला एबीएस सक्तीचं आहे, २०१९ पासून. ते तेव्हा असतं तर तो बहुधा सरळ चालला असता. या वाक्यापुढे माझा दशम्यांचा वास टिकत नाही.

शिवाय 'आम्ही, आम्ही' म्हणतो आहे ते आम्ही कोण? कट्ट्यावरची पोरं. माझी सख्खी बहीण येझदीवर कायम एका बाजूला पाय सोडून बसली, एका हातात पर्स, दुसऱ्या हातानं स्टँड धरून. चालवून बघतेस का, हे तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही. तिचीच ही मुलगी.

तरी पंचाला निकाल द्यावा लागतो. मी म्हणालो, मोटारसायकल. जावयांचा चेहरा पडला म्हणून कारण देत बसलो. मोटार तुम्हाला घाट दाखवते, मोटारसायकल घाटात बुडवते. लोणावळ्याचा गारवा आधी मनगटाला कळतो आणि मग मेंदूला. आणि आमच्या दोन्ही गाड्यांना आमची गरज होती. येझदीची क्लच वायर तुटली तरी नुसत्या पायानं गिअर टाकत घरी येता यायचं, आतली यंत्रणाच तशी होती, पण ते कळायला ती गाडी चार वर्षं मांडीखाली असावी लागे. तुमच्या गाड्यांना तुम्ही नसलात तरी चालतं. हे बोलून झाल्यावर मला स्वतःचाच संशय आला. बावीस वर्षांचा असताना मला हातगाडी ढकलायलाही मजा आली असती.

परवा मुंबईतल्या लग्नाहून परत येताना भाचीनं किल्ली माझ्या हातात ठेवली. जावई त्याच वेळी पोलो घेऊन एक्स्प्रेस वेनं निघाले. दुचाकीला तिकडे बंदी, म्हणून आम्ही जुन्या रस्त्यानं खोपोलीमार्गे. ड्यूकचं ॲक्सिलरेटर मी आधी येझदीसारखं पिळलं आणि भाचीनं मागून माझं जाकीट धरलं. मग हळूहळू जमलं. जुना घाट आता रिकामाच असतो, सगळ्या मोटारी पलीकडे. वळण आलं की गाडी झुकते, झुकली की वळते, वळली की उठते. चार-पाच वळणं मी अजिबात विचार केला नाही, आणि हेल्मेटमध्ये एकटाच हसत होतो.

शिंग्रोबाशी थांबलो. गाडी बंद केली आणि डावा हात आपोआप टाकीखाली कॉक बंद करायला गेला. तिथे काही नव्हतं, नुसतं गरम प्लॅस्टिक.

"काय शोधतोयस, मामा?"

"सुटे पैसे आहेत का?"

तिच्याकडे नव्हते. माझ्याकडेही नव्हते. तेवढ्यात जावयांचा फोन आला. घाटात कुठलासा कंटेनर आडवा झालेला, पाऊण तासात गाडी एक इंच हललेली नाही. इंजिन बंद करून ते रस्त्यावर उभे होते.

"कुठे आहात?" मी विचारलं.

"अमृतांजन पुलापाशी, बाबा."

भाची फोनवर वाकली. "तो पूल २०२० सालीच पाडला ना?"

"हो," पलीकडून आवाज आला. "पण त्याच्यापाशीच आहे."