गोळी कधी घेता?

साठी ओलांडलेला रुग्ण ‘डोळ्याला डोळा लागत नाही’ म्हणाला, की मी आधी विचारतो: एचआयव्हीवरच्या उपचाराची, म्हणजे एआरटीची, गोळी किती वाजता घेता, आणि घरात कोणाला ठाऊक आहे?

१ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधं मोफत मिळू लागली. तेव्हा चाळिशीत असलेले आज साठीत आहेत. हे लोक म्हातारे होतील, असं त्या वेळी फार थोड्यांनी धरलं होतं. आज त्यांचा व्हायरल लोड आम्ही नेमाने तपासतो. झोपेची चौकशी मात्र राहून जाते.

पूर्वीच्या एकत्रित गोळीत एफाविरेन्झ असे. त्याने गरगरायचं, भडक स्वप्नं पडायची, म्हणून ती निजताना घ्यायला सांगत असू. पुढे तिच्या जागी डोल्युटेग्राविरची गोळी आली. औषध सरस, पण काहींची झोप ते उडवतं. त्यांना गोळी सकाळी घ्यायला लावली की पुष्कळदा फरक पडतो. सांगायला हे सोपं आहे. पण सून-नातवंडं निजल्यावर अंधारातच गोळी गिळणाऱ्या आजींना रात्रीच्या त्या वेळेचा आडोसा होता. सकाळच्या गजबजलेल्या घरात त्या काय करतील? अशा वेळी रक्तदाबाची गोळी कामी येते. म्हातारपणी सकाळच्या औषधांबद्दल कोणी विचारत नाही; त्यांतच हीही जाते. सोबत कॅल्शियम असेल, तर दोन्ही जेवणाबरोबर घ्यायची. उपाशीपोटी कॅल्शियम डोल्युटेग्राविरला अंगी लागू देत नाही.

मला खरी धास्ती वाटते ती झोपेच्या गोळीची. गल्लीतल्या डॉक्टरांपासून आजार लपवलेला असतो. ते भल्या हेतूने अल्प्राझोलाम लिहून देतात. रुग्णाच्या औषधांत रिटोनाविर असेल, तर यकृतात अल्प्राझोलामचा निचरा मंदावतो आणि गुंगी लांबते. रात्री लघवीला उठताना तोल जातो. टेनोफोविरच्या वर्षांनी हाडं आधीच विरळ झालेली. खुबा मोडायला एक पडणं पुरतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाची गोपनीयता जपली आहे. तरी त्या एका डॉक्टरांना विश्वासात घ्या, असं मी कळकळीने विनवतो.

घोरणं, उदासी, जुन्या स्टॅव्हुडिनने मागे ठेवलेली तळपायांची आग, हे सगळं तपासून झालं, की मग वर्तनोपचार. निद्रानाशात पहिला उपचार हाच, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलं. आठ तास अंथरुणात आणि झोप पाचच तास, अशा माणसाला मी अंथरुणावरचा वेळ साडेपाच-सहा तासांवर आणायला सांगतो. उठण्याची वेळ ठरलेली, दुपारची डुलकी बंद. झोप भरू लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. तोल जात असेल, तर हे फार सावकाश करायचं.

झोप येत नसेल तर दुसऱ्या खोलीत जा, असं पुस्तक सांगतं. चाळीतल्या एका खोलीत आम्ही दाराशी खुर्ची ठरवतो, आणि तिथपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा.