अखंड दस्ता

निरुपयोगी वस्तूंचा लोभ माणसाला का सुटत नाही, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. कोणी बंद पडलेली घड्याळे जपतो, कोणी मुका झालेला ग्रामोफोन. माझ्या वाट्याला बंदूक आली आहे. शिकारीला बंदी, घरात काडतूस एकही नाही आणि मालकाच्या चष्म्याचा नंबर वाढता! तरीही परतुरातल्या आमच्या घरी ती आहे, आणि ती देखणी आहे.

तिचे देखणेपण तिच्या लाकडात आहे. बहुतेक शिकारी रायफलींचा दस्ता अर्ध्या वाटेवर संपतो आणि पुढे नुसती नळी उघडी राहते. हिचे अक्रोडाचे लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेले आहे. ऑस्ट्रियातील स्टायर या गावी ती घडली. फेर्डिनांड मान्लिखर यांचे यंत्र आणि ओटो शोनाउअर यांची काडतुसांची फिरती पेटी यांच्या जोडीतून १९०३ साली हा नमुना निघाला. पाच काडतुसे एका रुळाभोवती बसतात आणि रहाटगाडग्यासारखी एकेक वर येतात. बोल्टची मूठ लोणी लावायच्या सुरीसारखी चपटी. नळी अवघी ४५ सेंटिमीटरची, कारण ही रायफल पाठीला लावून आल्प्सच्या कड्यांवर चढायचे असे. लाकूड नळीला खडकाच्या घावापासून आणि हाताला थंडगार लोखंडापासून वाचवी. परतुरात खडक नाहीत आणि थंडीही बेताचीच. पण वैशाखात उघड्या लोखंडाला हात लावून पाहावा, म्हणजे हे लाकूड आमच्या मराठवाड्यासाठीच योजले होते की काय असे वाटते!

लाकडाची ही हौस आपल्याला परकी नाही. संग्रहालयातल्या जुन्या तोड्याच्या बंदुका पाहा; नळी जवळजवळ टोकापर्यंत लाकडात निजलेली आणि पट्ट्यांनी बांधलेली दिसेल. पोलिसांची थ्री-नॉट-थ्री तर सर्वांच्या ओळखीची. तिलाही लाकडाचा अंगरखा होताच.

हेमिंग्वेच्या फ्रान्सिस मॅकोंबरच्या कथेत बायकोच्या हातून सुटून नवऱ्याला लागणारी गोळी साडेसहा मिलिमीटरच्या मान्लिखरचीच आहे. ही माहिती मी घरात अद्याप दिलेली नाही. आमच्या घरात भांडण होते ते जवसाच्या तेलावरून. अक्रोडाच्या लाकडाला हेच तेल मानवते. दोन थेंब तळहातावर घ्यावेत आणि लाकूड ऊबदार होईपर्यंत चोळावे. "अहो, माणसांच्या सांध्यांनाही तेल लागतं," असे स्वयंपाकघरातून ऐकू येते. मी ऐकले नाही असे दाखवतो.

या सौंदर्यात एक खोड आहे. लाकूड पावसाळ्यात ओल पिते आणि फुगते. दस्ता अर्धा असेल तर फारसे बिघडत नाही. पण टोकापर्यंत बिलगलेले लाकूड फुगले की नळीला रेटते आणि गोळी नेम सोडून पडते. म्हणून आजोबा पाऊस सरल्यावर पुन्हा नेम बांधून घेत. जाणता कारागीर लाकूड आणि नळी यांच्यामध्ये आतून केसभर मोकळी जागा ठेवतो. बाहेरून दोघे एकजीव दिसतात. आत मात्र एकाचा दुसऱ्यावर भार नसतो.

हिच्या कागदांतून आमच्या मुलखाचा इतिहास वाचता येतो. पहिला परवाना निजामी अमलातला, उर्दूत. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. १९८१ च्या १ मेला जालना जिल्हा निघाला आणि परभणीचे परतूर त्यात गेले. रायफल खुंटीवरून हलली नाही. शिक्के मात्र बदलत राहिले. आता ती घराबाहेर पडते ती निवडणुकीच्या काळात, पोलीस ठाण्यात जमा व्हायला.

मराठवाड्यात १९७२ म्हटले की दुष्काळ आठवतो. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि काळविटाला पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. तिकडे स्टायरलाही या रायफली घडवणे त्याच सुमारास थांबले. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. आजोबांनी काळविटे मारली, वडिलांनीही मारली. माझ्या हातून एकही गेले नाही. याचे श्रेय कायद्याचे, माझे नव्हे. आज शिवारात काळविटांचा कळप हरभरा खाऊन जातो तेव्हा शेतकरी कळवळतो, आणि त्याचे दुःख खरे आहे. पण संध्याकाळच्या उन्हात तो कळप एकामागून एक उड्या घेत बांध ओलांडतो, तेव्हा आमच्या घराच्या नावावरचे काही कर्ज फिटते आहे असे मला वाटते. दसऱ्याला रायफलीला झेंडूचे फूल वाहताना मी मनातल्या मनात ते त्या कळपालाही वाहतो.

परवानाधारक सत्तरीला पोचला की वारसाच्या नावाने शस्त्र करून देण्याची सोय नियमांत आहे. मी सत्तरी ओलांडली आहे. मुलगा पुण्यात असतो. "बाबा, जमा करून टाका. मला सांभाळायला वेळ कुठे आहे?" असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. शस्त्र घरात ठेवायचे म्हणजे कुलूप, कागद, नूतनीकरण आणि सदैव जागी असलेली जबाबदारी. ज्याला ती नको असेल त्याने शस्त्र ठेवूच नये. पण जमा झालेल्या शस्त्राला जवसाचे तेल कोण लावणार? तीन पिढ्यांचा हात फिरून त्या लाकडावर जी झळाळी आली आहे, तिची पावती कोणतेही ठाणे देत नाही.

गेल्या खेपेला मी त्याला आग्रह करणार होतो. पण ती केसभर मोकळी जागा आठवली. फार बिलगले की नेम चुकतो, हे ही रायफल आमच्या घरात कितीतरी पावसाळे सांगत आली आहे. त्यामुळे अर्ज मी आणून ठेवला आहे आणि माझ्या बाजूची माहिती भरलीही आहे. वारसाच्या संमतीची जागा कोरी आहे. ती त्याने भरायची, किंवा न भरायची.