लाडवाचं कासव

चैत्र शुद्ध तृतीयेला पितळी पाळण्यात अन्नपूर्णा बसली, की आमच्या गिरगावातल्या चाळीत चढाओढ सुरू होई. ही गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपणाला. त्या महिन्यात ज्या घरी हळदीकुंकू, तिथली आरास बघायला अख्खी चाळ लोटे. चढाओढ मात्र कुणी कबूल करत नसे. "कसलं काय, सुचलं ते मांडलंय," म्हणणाऱ्या काकूंच्या डोक्यात मोराचा पिसारा आठवडाभर आधीच तयार असे.

आई पाळण्यामागे डबे उलटे ठेवून पायऱ्या करी, वर ठेवणीतली साडी अंथरी आणि मग फराळ प्राणी होऊ लागे. बेसनाचा लाडू म्हणजे कासवाची पाठ, चार बदाम पाय आणि मनुका डोकं. शेवेच्या गवतात काकडीची मगर. करंज्या गोल लावल्या की कमळ. चिरोट्यांची बाग तर पीठ मळणाऱ्या हाताची परीक्षाच. साटं नीट लागलं तरच तळताना पदर सुटतात. जो फुलला नाही, तो मगरीच्या पाठीमागे जाई. कलिंगडात सुरी तिरकी, थेट मध्यापर्यंत खुपसत नागमोडी फिरवायची. दोन भाग सुटले की दोन लाल कमळं तयार. हे सगळं गोडधोड मुंग्यांपासून वाचवायला चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे.

दाराबाहेर शहाबादी फरशीवर आजी चैत्रांगण काढी. त्यात ५१ चिन्हं असतात असं ती म्हणे. वर तोरण, सूर्य-चंद्र, मध्ये गौर, भोवती तुळस, आंबा, केळ, कमळ, नाग, कासव, हत्ती, मोर, गोपद्मं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून रांगोळी एकसारखी सुटायला हवी, नाहीतर हत्तीची सोंड मध्येच सुजते. सही कुणाचीच नसायची, पण सोंड पाहूनच बायका ओळखत, "हा हत्ती खालच्या मजल्यावरच्या मामींचा."

आम्हा मुलींकडे अत्तर आणि गुलाबदाणी. ओल्या हरभऱ्यांची ओटी, कैरीची डाळ, वेलची घातलेलं पन्हं हे सगळं हातोहात फिरे आणि आमचे डोळे कासवावर. शेवटची बाई जिना उतरली, की त्याच्यावरून भांडणं होत.

पुढे काळ्या घोड्याजवळ जहांगीर आर्ट गॅलरीत पुष्कळ समूहप्रदर्शनं पाहिली. १९५२ साली सुरू झालेल्या त्या दालनात चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं, आणि चित्राला हात लावायचा नसतो. तिथे गमतीदार प्राणी रंगवणारे चित्रकार पाहिले, आवडलेही. पण तिथेच प्रथम जाणवलं, की चाळीतल्या आरासीत एक गोष्ट वेगळी होती. त्या बायकांना एरवी खेळायला कुणी सांगत नसे. पाणी चार वाजता भरायचं, डबे करायचे, सासरच्यांचं बघायचं. एखादी बाई काकडीची मगर करत बसली असती तर घरच्यांनी वेड्यात काढलं असतं. गौरीच्या निमित्ताने तीच मगर पुण्यकर्म ठरे. देवीच्या आडून त्यांनी वर्षातून एकदा खेळण्याची परवानगी मिळवली होती, आणि ती त्या पुरेपूर वापरत.

माझ्या संसारात मीही आरास मांडत आले; आधी हौसेने, मग नोकरीच्या धबडग्यात उरकून. आता चैत्रांगणाचे स्टिकर मिळतात. चकचकीत आहेत, रेषा कुठेही चुकत नाही. मागची सजावट भाड्याने येते, फराळ दुकानातून. याला मी नावं ठेवत नाही. वेळ कुणाकडे आहे? पण त्यात बाईचा हात नाही, म्हणून हसूही नाही. परिपूर्ण हत्तीला कुणी हसत नाही.

गेल्या चैत्रात नातवाने दोन लाडू, कडबोळी आणि शंकरपाळी घेऊन गौरीपुढे डायनासोर उभा केला. एका आजींनी भुवया उंचावल्या, बाकीच्या खळखळून हसल्या. मला तो चैत्रांगणातलं ५२वं चिन्ह वाटला, आणि आमच्या चाळीच्या परंपरेत चपखल बसणाराही.

म्हणून सांगते, यंदा स्टिकर लावा, आरास विकत आणा, खुशाल आणा. फक्त एक कासव घरच्या हाताने करा. वाकडं झालं तरी चालेल. संध्याकाळी ते खायचंच आहे.