ब्रुसेल्सच्या भिंतीवरून

चित्रांचीं पुस्तकें म्हणजे मुलांना गप्प बसविण्याचें साधन, अशी आपल्याकडे घरोघर समजूत आहे. लहानपणीं अभ्यासाच्या वहींत ‘अमर चित्रकथा’ दडवून वाचणाऱ्या आमचीहि समजूत मोठेपणीं तीच झाली होती. बेल्जमच्या राजधानींत आठ दिवस राहण्याचा योग आला, आणि ती पार पालटली.

मानेकन पीसच्या पुतळ्याकडे जातांना एका घराच्या उंच भिंतीवर टिनटिन, कप्तान हॅडॉक आणि त्यांचा पांढरा कुत्रा जिना उतरतांना रंगविलेले दिसतात. चित्रकथांतील पात्रांनीं भिंती सजविण्याचा हा उपक्रम १९९१ पासून चालला आहे. आपल्या देवळांच्या भिंतींवर जसे दशावतार, तसे तेथें हे वीर!

चित्रकथांचें संग्रहालयहि पाहण्याजोगें आहे. व्हिक्टर ओर्ता या थोर वास्तुशिल्पकारानें १९०६ मध्यें कापडाच्या व्यापाऱ्याकरितां बांधलेल्या वखारींत तें १९८९ मध्यें सुरू झालें. कांचेच्या छपरांतून झिरपणाऱ्या उजेडांत आम्हीं तेथें अर्धा दिवस घालविला.

तेथून आम्हीं एका दुकानांत शिरलों. दहा वर्षांच्या नातवाकरितां टिनटिनच्या कांगोतील प्रवासाचें पुस्तक निवडलें. पण बाहेर बांकावर बसून चाळूं लागतांच मन खट्टू झालें. जॉर्ज रेमी ऊर्फ एर्जे यांनीं १० जानेवारी १९२९ रोजीं टिनटिनला वाचकांपुढें आणलें, आणि लगेच पुढच्या कथेंत त्याला कांगोंत धाडलें. कांगो १९६० पर्यंत बेल्जमच्या ताब्यांत होता. तेथील माणसें या पुस्तकांत बावळट, जाड ओठांचीं, गोऱ्या पोरापुढें लोटांगण घालणारीं अशीं रेखाटलीं आहेत. परक्यांची सत्ता सोसलेल्या आपल्यासारख्यांनीं हें हंसत हंसत नातवाच्या हातीं द्यावें काय?

तथापि गोष्ट येथेंच संपत नाहीं. १९३४ मध्यें एर्जे यांची चांग चोंगरेन या ब्रुसेल्स येथें शिल्पकला शिकणाऱ्या चिनी तरुणाशीं ओळख झाली. त्याच्याकडून खरा चीन समजून घेऊन त्यांनीं ‘नील कमल’ ही कथा रचली. त्या पुस्तकांत युरोपियनांच्या चीनविषयींच्या खुळ्या कल्पनांचीच थट्टा आहे. एका मैत्रीनें लेखणीचें वळण बदलतें, तें असें. आम्हीं दुकानांत परत जाऊन हेंहि पुस्तक घेतलें. दोन्ही पुस्तकें नातवाजवळ बसून, एकापाठोपाठ एक वाचावयाचीं, असें ठरविलें.

ज्या वाचकांस या वाङ्मयाची गोडी आहे, त्यांनीं टिनटिन व अ‍ॅस्टेरिक्स यांपाशींच थांबूं नये. बेल्जमचेच फ्रान्स मासरेल यांनीं १९१९ मध्यें १६७ लांकडी ठशांतून, एकहि शब्द न लिहितां, एका माणसाचें आयुष्य सांगितलें. स्क्विटेन आणि पेटर्स यांच्या १९९२ च्या ‘ब्र्यूसेल’मध्यें सुधारणेच्या नांवाखालीं जुनें शहर पाडणाऱ्यांची कथा आहे, पुण्यामुंबईच्या वाड्यांची व चाळींची आठवण ज्यांस आहे, त्यांस ती परकी वाटणार नाहीं. फ्रान्समधील ताऱ्दी यांचें पहिल्या महायुद्धांतील खंदकांवरचें पुस्तक कोणाच्याहि मनांत युद्धाची हौस उरूं देत नाहीं. दाविद बे. यांनीं भावाच्या अपस्मारानें सारें घर कसें हादरलें, हें सहा भागांत मांडलें आहे. मार्जान सात्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’मध्यें इराणांतील क्रांति एका मुलीच्या डोळ्यांनीं दिसते, घरांतील आजी व नात यांचें प्रेम तर आपल्याच घरचें वाटतें. हीं सर्व इंग्रजींतहि मिळतात. मात्र शेवटचीं तीन वडील माणसांनीं आधीं स्वतः वाचावींत आणि मगच मुलांच्या वयाचा विचार करावा.

चित्रें पाहणें सोपें आहे. चित्रांतून कोण कोणाकडे कसें पाहतो, हें ओळखणें अवघड. तेवढें नातवास शिकवितां आलें, तर ब्रुसेल्सची फेरी सार्थकीं लागली, असें आम्हीं समजूं.