मातीचा मुका साक्षीदार

जो कोणापुढेही वाकतो, ज्याला स्वतःचे मत नाही, अशा मनुष्यास मराठी बोलण्यात ‘गांडूळ’ म्हणून हिणवतात. या प्राण्याला कणा नाही, हे खरे. डोळे नाहीत आणि कान नाहीत, हेही खरे. चार्ल्स डार्विन या इंग्लिश शास्त्रज्ञाने कुंड्यांतील गांडुळांजवळ मोठ्याने पियानो वाजवून पाहिला. ती जागची हलली नाहीत. पण त्याच कुंड्या पियानोवर ठेवून सूर काढताच ती झटकन बिळांत शिरली! सुरांची कंपने त्यांना कानांनी नव्हे, तर अंगाने कळली होती. १८८१ साली डार्विनने या उपेक्षित जीवावर एक ग्रंथच लिहिला.

गांडुळाला फुप्फुसे नसतात. ओलसर त्वचेतूनच ते श्वास घेते. माती व कुजकी पाने गिळून त्यांतील अन्न ते पचवते आणि उरलेली माती विष्ठेच्या रूपाने बाहेर टाकते. अशी माती त्याच्या अंगाभोवतीही असते आणि पोटातही असते. तीत कीटकनाशक मिसळले, तर त्यापासून अलिप्त राहणे या जिवाला कसे साधावे? कॅडमियमसारखा घातक धातू तर मातीत असतो त्याहूनही अधिक प्रमाणात त्याच्या शरीरात साठतो.

मातीतील विष ओळखण्यास गांडूळ किती उपयोगी पडते, हे अमेरिकेत एका दुःखद घटनेने उघड झाले. इलिनॉय राज्यातील अर्बाना येथे रस्त्यांच्या कडेने एल्म नावाचे उंच, सावली देणारे वृक्ष होते. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे त्यांच्यात बुरशीचा रोग पसरू लागला, तेव्हा भुंगेरे मारण्यासाठी झाडांवर डी.डी.टी. फवारण्यात आले. हेतू चांगलाच होता. शरद ऋतूत पाने गळली, जमिनीवर कुजली आणि गांडुळांनी ती खाल्ली. काही गांडुळे मेली. पण पुष्कळशी ते विष अंगात वागवत जिवंत राहिली. पुढच्या वसंतात तांबूस छातीचे रॉबिन पक्षी परतले आणि नेहमीप्रमाणे गांडुळे टिपू लागले. थोड्याच दिवसांत ते थरथर कापत गवतावर मरून पडू लागले. झाडांवर फवारलेले औषध पक्ष्यांपर्यंत कसे पोहोचले, हा दुवा रॉय बार्कर या संशोधकाने जुळवला व १९५८ साली प्रसिद्ध केला. अवघी ११ मोठी गांडुळे एका रॉबिनच्या मृत्यूस पुरेशी होती! रॅचेल कार्सन यांनी ही हकीकत ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ सालच्या ग्रंथात सांगितली आणि जग हादरले. १९७२ साली अमेरिकेने शेतीतील डी.डी.टी.च्या वापरावर बंदी घातली.

नेदरलँड्समधील काही जुन्या फळबागांत निराळाच प्रकार दिसला. तेथे बुरशी रोखण्यासाठी तांबेयुक्त औषधे वर्षानुवर्षे फवारली गेली होती. तांबे मातीत साचले व गांडुळे जवळजवळ नाहीशी झाली. मग गळालेली पाने खाली ओढून नेणार कोण? ती न कुजता एकावर एक साचून राहिली.

तेव्हा केवळ गांडुळे मोजून भागत नाही. अर्बानाची विषारी माती गांडुळांनी भरलेली होती. उलट कोरड्या, रेताड किंवा फार आम्ल जमिनीत विष नसूनही ती विरळ असतात. उन्हाळ्यात तर ती खोल जाऊन बसतात. गांडूळ दिसले नाही की जमिनीला दोष देणे हा उतावळेपणा होय.

म्हणून शास्त्रज्ञ एक साधी युक्ती योजतात. एका पेटीत मधोमध पडदा घालून एका बाजूला स्वच्छ माती आणि दुसऱ्या बाजूला संशयित माती भरतात. पडदा काढून दोहोंच्या सीमेवर दहा गांडुळे सोडतात व पेटी दोन दिवस तशीच ठेवतात. त्यानंतर पडदा पुन्हा घालून दोन्हीकडची गांडुळे मोजतात. संशयित मातीत एखाददुसरेच गांडूळ राहिले आणि बाकीची पलीकडे निघून गेली, की तिच्यात नेमके काय मिसळले आहे, हे शोधण्याचे काम रसायनशास्त्रज्ञाकडे जाते.