माती, चुना आणि मराठी

मी मराठीचा एम. ए. पण विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले, की मुख्याध्यापकाला कोणत्याही वर्गात उभे राहावे लागते. दिवाळीच्या सुटीपूर्वी परिवर्तनीय आणि अपरिवर्तनीय बदलांचा पाठ शिकवण्याची पाळी अशीच माझ्यावर आली.

उदाहरणांसाठी बेळगावकराला लांब जावे लागत नाही. थंडीत थिजलेले तूप चुलीजवळ पातळ होते, पुन्हा थिजते. मीठ पाण्यात दिसेनासे होते; पाणी आटवले की तळाशी परत मिळते. पण विरजण लागून दही झालेले दूध पुन्हा दूध होत नाही. आणि तांबूस झालेल्या कुंद्यातून खवा, साखर वेगळी काढणारा हलवाई अजून जन्माला यायचा आहे.

मुलांना सर्वांत पटली ती माती. अंगणातल्या किल्ल्याची माती पाणी पडताच चिखल होते, पुढच्या वर्षी तीच कामाला येते. पणतीही मातीचीच. नुसती उन्हात वाळली असेल तर तीही पाण्यात विरेल. पण कुंभाराच्या आव्यात 500 ते 600 अंश सेल्सिअसच्या आसपास मातीत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी निघून जाते. मग ती पणती फुटेल, पण पुन्हा चिखल व्हायची नाही.

चुना मात्र कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. चुनखडी सुमारे 900 अंशांवर भाजली, की कार्बन डायऑक्साइड निघून कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला, की हवेतला तोच वायू शोषत पुन्हा चुनखडी होऊ लागतो. त्याला हवा लागते आणि वर्षे लागतात.

त्याच आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी मुलाचा दाखला न्यायला आला. इंग्रजी माध्यमात घालायचे होते. म्हणाला, ‘‘सर, मराठी कुठं जाते? घरात बोलतोच की आम्ही. लिहाय-वाचायचं नंतर बघू.’’

1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून आमच्या भागातल्या घरांनी भाषेसाठी पुष्कळ सोसले. पण मुलाच्या पोटापाण्याची काळजी करणाऱ्या बापाला हा इतिहास ऐकवून भागत नाही. शिवाय त्याचे म्हणणे निम्मे खरे होते. बोली मिठासारखी असते. कन्नड-इंग्रजीत विरघळली तरी हरवत नाही. लिहिणे-वाचणे मात्र चुन्यासारखे. ते परत येते, पण रोजची हवा मागते. मराठी फडाफडा बोलणारी आणि लग्नपत्रिका अक्षर लावून वाचणारी मुले आता घरोघरी आहेत. ‘नंतर’ म्हणणाऱ्यांना ती हवा पुढे कुठे मिळाली, हे मी पाहिलेले नाही.

दाखल्यावर सही केली आणि म्हटले, ‘‘घाल खुशाल. पण रोज रात्री त्याला एक पान मराठी मोठ्याने वाचायला लाव. आजीला वाचून दाखवू दे.’’

‘‘बघतो सर,’’ म्हणाला. सुटीनंतर भेटला, की कितवे पान चालू आहे ते विचारणार आहे.